बालकाबरोबर कुटुंबालाही आधार

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



घरात बालक जन्मते तेव्हा पेढे वाटले जातात. दोन-अडीच वर्षांनी ते बोलत नाही, हाकेला वळून पाहत नाही, असे लक्षात आले की त्याच घरात शांतता पसरते. आई लग्नकार्याला जाणे टाळू लागते. नातलगांपैकी कोणी डॉक्टर सुचवितो, कोणी नवस, तर कोणी हलक्या आवाजात पूर्वकर्माचा उल्लेख करतो. कर्मसिद्धांत हा स्वतःचे आचरण तपासण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखावर निवाडा देण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही.

या कार्यातील आदर्श शोधण्यासाठी नाशिककरांना दूर जावे लागत नाही. शिक्षिका असलेल्या रजनीताई लिमये या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या माताही होत्या. त्यांनी १९७७ साली येथे प्रबोधिनीच्या कार्यास आरंभ केला. एका मातेची वेदना अनेक कुटुंबांचा आधार झाली.

त्या काळी वेगळी शाळा हाच मार्ग होता. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सर्व मुलांनी एकत्र शिकण्याचे तत्त्व स्वीकारले. तथापि त्यातील मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयासाठी आहे. भाषा, चालणे, मिसळणे यांचा पाया मात्र त्याआधीच घातला जातो. ही उणीव ओळखून केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. लक्षणे लवकर ओळखणे, बालकाला सामावून घेत कुटुंबाला सक्षम करणे आणि पुढील उपचारांसाठी आरोग्य पथकाकडे पाठविणे, हे तिचे तीन टप्पे होत.

यातील कुटुंबाचा उल्लेख मोलाचा आहे. बालवाडीत मूल तीन तास असेल, तर उरलेले एकवीस तास घरीच असते. शिक्षिकेने चमचा धरावयास शिकविले आणि आजी प्रेमापोटी भरवीतच राहिली, तर शिकणे तेथेच थांबते. म्हणून शिक्षिकेने माता-पिता व आजी-आजोबांनाही जवळ बसवून रीत दाखवावी. एकाच मापाचा अंगरखा सर्वांना बसत नाही. प्रत्येक बालकाची गती निराळी असते.

समाजालाही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते. सुशिक्षित तरुणाने शेजारी बसून तो अर्ज भरून देणे, उपचारांच्या फेरीला वाहन देणे, मातेला दोन तास विसावा देणे, हेही दानच होय.

पाठशाळेत, स्नेहसंमेलनात अशा बालकास स्थान मिळावे आणि त्याच्या मातेसाठी पहिल्या रांगेत कोणीतरी आपणहून सरकून जागा करावी. सुवर्णमहोत्सवाची याहून मंगल खूण कोणती असेल?

जय जिनेंद्र!