एका मुठीत किती गोळ्या?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नव्हे. पण गेल्या वर्षी आमच्या घरी जे घडले ते ऐकून कुणाचा तरी फायदा होईल, म्हणून उभी राहिले आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाई सकाळी उठल्याबरोबर थायरॉइडची, कॅल्शियमची आणि मॅग्नेशियमची अशा तिन्ही गोळ्या एका घोटात घेत. एकदा घेतल्या की दिवसभर सुटलो, असे त्यांचे म्हणणे! थकवा मात्र हटेना. तपासणीत सुधारणा दिसेना आणि थायरॉइडच्या गोळीची मात्रा वाढत चालली. अखेर डॉक्टरांनी विचारले, "बाई, गोळ्या घेता कशा?" तेव्हा उलगडा झाला. कॅल्शियम व मॅग्नेशियम थायरॉइडच्या औषधाला पोटातच बांधून ठेवतात. ते अंगी लागत नाही. मध्ये चार तास तरी जाऊ द्यावेत. गरोदर लेकीसुनांनीही लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नये. दोन तासांचे अंतर ठेवावे.

मग कॅल्शियम व मॅग्नेशियम बरोबर घ्यावे का? थोड्या मात्रेत चालते. पण कॅल्शियम एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच नीट शोषले जाते, आणि त्याची मोठी मात्रा मॅग्नेशियमची वाट अडवते. म्हणून कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर आणि मॅग्नेशियम रात्री, हे बरे. वेष्टनावरील आकडाही नीट वाचावा: १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये खरे कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. मॅग्नेशियमची गोळी जास्त झाली तर जुलाब होतात. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून यांपैकी कशालाही हात लावू नये.

भगिनींनो, प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळते. दूध, ताक, तीळ, राजगिरा आहेतच. मॅग्नेशियम डाळींत, शेंगदाण्यांत, बाजरीत आणि पालेभाज्यांत आहे. पण आपण सर्वांना वाढतो आणि उरेल ते खातो. मग साठीला हाड मोडले की नशिबाला बोल लावतो.

जाऊबाईंनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या. काही महिन्यांनी त्यांची मात्रा डॉक्टरांनीच कमी केली. आज त्या पुढच्याच रांगेत बसल्या आहेत, आणि हे सारे सांगायची परवानगीही त्यांचीच!

घरी जाऊन आपापला गोळ्यांचा डबा एकदा उघडून पाहा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.