चाकाचे नट किती आवळायचे?

आज फक्त चाकाच्या नटांबद्दल बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल; पण पंक्चर काढून पुढे निघालात आणि महामार्गावर चाक डुगडुगू लागलं, की तो किरकोळ राहत नाही.

फौजेत गाडीची तपासणी तीनदा होते: निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत हॉल्ट परेड, पोचल्यावर लास्ट परेड. त्या ट्रकांची चाकं पोलादी. आपल्या गाड्यांना आता अलॉय असतात, म्हणजे बहुतेक अॅल्युमिनियम. हा धातू मऊ. नट आवळल्यावर त्याची बैठक किंचित दबते आणि नट ढिला पडू शकतो. म्हणून चाक काढून बसवलं, की 80 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे. ही झाली तुमची हॉल्ट परेड.

किती आवळायचे? आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. छोट्या-मध्यम गाड्यांना साधारण 100 न्यूटन-मीटरच्या आगेमागे. हिशेब करा. पाना 30 सेंटिमीटरचा असेल, तर टोकावर सुमारे 34 किलोचा जोर पुरतो. 75 किलोचा माणूस त्यावर उभा राहिला, की झाले 220! आणि आपल्याकडे पान्यावर उभं राहून उड्या मारणं म्हणजेच मन लावून केलेलं काम. एअर गन बेताल चालवली तरी तेच. स्टड ताणला जातो, अलॉयची बैठक चेचते, डिस्कवर असमान दाब येऊन ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरू शकतं. आणि रात्री घाटात पंक्चर झालं, तर तुमच्या पान्याने तो नट हलतच नाही.

तेव्हा पंक्चरवाल्या दादांना सांगा, गन बाजूला ठेवा. नट आधी बोटांनी फिरवायचे. आटे तिरके बसले तर लगेच कळतं. चाक जॅकवर असतानाच समोरासमोरचे नट हलके आवळायचे. पाच असतील तर एक सोडून एक. गाडी खाली टेकली, की टॉर्क रेंच. ‘कट्’ वाजलं की थांबायचं, खात्रीसाठी आणखी दोनदा वाजवायचं नाही. पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल, तर आट्यांना तेल-ग्रीस नको. घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.

बाहेरून अलॉय बसवले असतील, तर नटाची बैठक शंकूसारखी आहे की गोल, आणि ती चाकाला जुळते का, हे पाहा. स्टेपनी बहुधा पोलादीच असते. तिला वेगळे नट लागतात का, ते आजच विचारा. लागत असतील, तर डिकीत असू द्या.