सेन्सरला वीज कोठून आणायची?

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



जमिनीतील ओलावा मोजून मोबाईलवर कळविणारे सेन्सर आता आपल्या शिवारात येऊ लागले आहेत. आपण त्यांची किंमत विचारता, बॅटरीचे कोणी विचारत नाही. मे महिन्यात रावेर-यावलकडे घड भरत असताना बॅटरी बसली आणि मोबाईलवर जुनाच आकडा दिसत राहिला, तर बागेला ताण बसेल नि आपल्याला कळणारही नाही. म्हणून शेवटची नोंद किती वाजताची आहे हे दिसते का, ते घेण्यापूर्वीच पाहावे.

सेन्सरने आपली वीज आपणच तयार करावी, यासाठी लवचिक पापुद्र्यांवर संशोधन चालू आहे. तत्त्व घरातलेच आहे. गॅसच्या लायटरचा खटका दाबला की आतील खड्यावर आघात होऊन ठिणगी पडते. हाच गुण पीव्हीडीएफ या प्लॅस्टिकमध्ये असल्याचे जपानच्या कावाई यांनी १९६९ साली दाखविले. दुसरा प्रकार घर्षणाचा. हिवाळ्यात टेरिलीनचा सदरा काढताना चटचट होते, तीच ही वीज. तिच्यावरील लवचिक जनित्र अमेरिकेत झोंग लिन वांग यांच्या गटाने २०१२ साली मांडले.

आता हिशेब करू. समजा, वाऱ्याने हलणाऱ्या पट्टीतून सरासरी १० मायक्रोवॅट मिळाले. दोन तासांत ७२ मिलिज्यूल साठतील. एका निरोपाला ७० लागत असतील, तर दोन तासांनी एक निरोप जाईल. ओलाव्यासाठी तेवढे पुष्कळ झाले. ठिबकचा व्हॉल्व्ह मात्र यावर उघडणार नाही.

केळीत अडचण वेगळीच आहे. बाग दाटली की खाली ऊन पोचत नाही, आणि वारा अडावा म्हणून भोवती शेवरी तर आपणच लावतो! पट्टी पानावर चिकटवावी, तर पान फाटते, वाळते. तूर्त माझे मत असे की, लहान सौर तुकडा बांबूवर पानांच्या वर बांधून तार खाली आणावी. धुळ्याकडील उघड्या कपाशीत तेवढीही खटपट नको, धूळ पुसली की झाले.

ज्यांना एवढा खर्च नको, त्यांच्यासाठी विजेशिवाय चालणारा टेन्शिओमीटर आहेच. तो साधारण ८० सेंटीबारपर्यंतच काम देतो. काळ्या जमिनीला भेगा पडून मातीशी संपर्क तुटला, तर त्याचे सच्छिद्र टोक चिखलात पुन्हा घट्ट बसवावे व नळी पाण्याने भरून घ्यावी.