परसातील सुगंध आणि मधमाश्या
(मंडळाच्या सभासदांसमोर दिलेले भाषण)



मी वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक नाही. बी. ए.ची पदवी आणि बदलीची नोकरी एवढ्याच भांडवलावर आजवर सहा सरकारी निवासस्थानांच्या अंगणांत माती उकरली. त्यामुळे आज सांगणार आहे ते बहुतांशी फजितीतून आलेले आहे.

दिल्लीस आल्यावर हौसेने कलमी गुलाब लावले. मे महिन्यात रजेवर वाईस गेलो आणि परतलो तो निम्म्या रोपांच्या काटक्या झालेल्या. पावसाळ्यात लाल भोपळ्याचा वेल चढविला. फुले भरपूर आली, परंतु कोवळी फळे पिवळी पडून गळत. मी खतावर खत घालीत होतो. अखेर मातोश्री म्हणाल्या, "अरे, खत पुरे कर. या अंगणात मधमाशी दिसते का तुला?"

भोपळ्याची नरफुले व मादीफुले वेगवेगळी असतात. ती पहाटे उमलतात आणि दुपारपूर्वी मिटतात; तेवढ्या अवधीत माशीने पराग नेला नाही तर फळ धरत नाही. आणि माशीने आमच्याकडे यावे कशाला? भरगच्च गुलाबात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. शोभा उदंड, शिधा काही नाही!

मग निवड बदलली. प्रथम तुळस. मंजिऱ्या खुडल्या की ती डेरेदार होते हे खरे, पण दोन-तीन रोपांच्या तरी खुडू नयेत. सकाळी त्यांवर माश्यांची रीघ लागते. येथील थंडीत तुळस करपते, तरी गळलेल्या बियांतून पुन्हा उगवते. दुसरी कुंती. रोपवाटिकेत मात्र 'कामिनी' म्हणून मागावी, नाहीतर माळी आपल्याकडे पाहतच राहतो! सरीनंतर ती पांढरीशुभ्र फुलते, तेव्हा सुगंध शेजाऱ्यांच्या घरापर्यंत जातो. पहिली दोन वर्षे पाणी घातले की पुढे तिचे फारसे मागणे नाही. तिसरा आपला कढीलिंब, येथील 'मीठा नीम'. फोडणीच्या नादात त्याच्या फुलांचा मंद वास आपण विसरतो, माश्या विसरत नाहीत. पारिजातक रात्री फुलून पहाटे गळतो. तो मधमाश्यांसाठी नव्हे, माझ्या समाधानासाठी लावला, हे कबूल करतो.

उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवावे. फुललेल्या झाडावर विषारी फवारा मारू नये.

तिसऱ्या वर्षी कुंतीच्या कुंपणात फुलोरी माश्यांनी तळहाताएवढे पोळे बांधले. शेजारी घाबरले, मीही काठी शोधू लागलो. "अहो, त्यांनी तुमचे काय घेतले आहे?" एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या, आणि काठी कोपऱ्यात गेली. त्या पावसाळ्यात वेलाला चार भोपळे धरले.

आता पुन्हा बदलीचा हुकूम आला आहे. कुंतीच्या लाल फळांतील बियांपासून केलेली रोपे आणि कढीलिंबाच्या मुळांना फुटलेली पिल्ले डब्यांत तयार आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी येत्या रविवारी सकाळी पिशवी घेऊन यावे. घर सोडण्यास अजून पंधरा दिवस आहेत.