हिशेब हीसुद्धा सेवाच



यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेली वर्गणी पौल एकटा घेऊन गेला नाही. कोणाला शंका येऊ नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत होती. आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ३३ हिशेबतपासणी मागते. ती रखडली की देणगी अडते, कातकरी मुलांच्या वह्या थांबतात.

सातारा-सांगलीच्या छोट्या संस्थांना सीएची फी जड जाते. पिशवीभर सुट्ट्या पावत्या नेल्या, तर ती वाढतेच. म्हणून व्हाउचरना क्रमांक घाला, रोजकीर्द दरमहा पासबुकाशी जुळवा. चार-पाच संस्थांनी मिळून एकाच सीएशी फी ठरवा. संस्थेशी संबंध असलेला सीए मात्र चालत नाही.

दात्यांनो, वह्यांसोबत ऑडिटचाही खर्च उचला. तेही दानच आहे.