उंदराचा सापळा : तयारी आणि बांधणी



भात पोटरीवर आलं की काही खाचरांत एक प्रकार दिसतो. बांधावरून पाहिलं तर पीक हिरवंगार. आत चार पावलं टाकली की मधोमध ताटं तिरकी कापून आडवी पडलेली. हे काम उंदराचं. तो खातो थोडं आणि नासतो फार. पुढं लोंब्या भरल्या की त्या ओढून बिळात साठवतो, ते वेगळंच.

मग आपण बाजारातून सापळे आणतो, त्याच संध्याकाळी लावतो. दोन रात्री काही सापडत नाही. तिसऱ्या दिवशी एक-दोन सापळे जागेवरच नसतात. आपण म्हणतो, उंदीर फार हुशार झाला. उंदीर हुशार आहेच, पण बहुतेक वेळा खोट सापळ्याच्या तयारीत आणि बांधणीत असते. आज तेवढंच बोलणार आहे.

आधी उंदराविषयी थोडंसं. शेतात त्याच्या अनेक जाती आहेत. भातात आणि उसात सर्वांत जास्त उपद्रव करणारा उंदीर काळपट, अंगानं जाड आणि रागीट असतो. घुशीचा धाकटा भाऊच म्हणा. बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसला की तो आत आहे असं समजा. मादी जवळजवळ तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं सहज होतात आणि ती पिल्लं तीनेक महिन्यांत स्वतः विणारी होतात. म्हणून सापळे लावायचे ते पीक पोटरीवर येण्याआधी, उंदीर थोडे असताना. लोंबी पिकल्यावर सगळं रानच त्याचं ताट असतं. तुमच्या आमिषाकडे तो कशाला वळेल?

आता तयारी. नव्या सापळ्याला कारखान्याचं तेल आणि ग्रीस लागलेलं असतं. गेल्या वर्षीचा असेल तर गंज. दोन्हींनी स्प्रिंग जड होते, पट्टी अडकते, आणि उंदीर आमिष खाऊन निघून जातो. लोखंडी सापळा मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून उकळा आणि घासून काढा. मग दुसऱ्या पाण्यात बाभळीची साल टाकून पुन्हा तासभर उकळा. कातडं कमावायला जी साल लागते तीच. सालीतला तुरट अंश लोखंडावर बसतो, लोखंड काळं पडतं आणि लवकर गंजत नाही. कॅनडासारख्या थंड मुलुखात फरसाठी सापळे लावणारे लोकही आपले सापळे झाडाच्या सालीतच उकळतात. पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

वाळल्यावर सांध्यांना गाडीचं ऑईल लावू नका. मेणबत्ती घासा. मेणाला वास कमी आणि पावसात ते धुपत नाही. लाकडी पाटाचा सापळा असेल तर पाट फुगलाय का ते बघा. मग सापळा ताणून ठेवा आणि काडीनं आमिषाच्या पट्टीला हलकं टोचा. लगेच सुटला तर ठीक. जोर द्यावा लागला तर पट्टीची अडक कानशीनं थोडी कमी करा. ही परीक्षा बोटानं करू नका.

माणसाच्या हाताचा वास आला की उंदीर फिरकत नाही, असं पुष्कळ जण सांगतात. मला ते फारसं पटत नाही. आपल्या घरात आणि कणगीत वावरणाऱ्या प्राण्याला आपला वास रोजचाच आहे. त्याला भीती असते ती नव्या वस्तूची. काल जिथं काही नव्हतं तिथं आज काहीतरी दिसतंय म्हटल्यावर दोन-चार रात्री तो लांबून जातो. यावर उपाय सोपा आहे. पहिल्या तीन रात्री सापळा जागेवर ठेवा, आमिष घाला, पण ताणू नका. पिंजरा असेल तर दार उघडं बांधून ठेवा. उंदराला फुकट खाऊ द्या. चौथ्या संध्याकाळी सगळे सापळे एकदम ताणा.

आमिष रानात नाही असं असावं. भातात भात ठेवून उपयोग काय? भाजलेला शेंगदाणा, सुकं खोबरं, तेल लावलेला भाकरीचा तुकडा चालतो. कोकणात सुकट किंवा खेकड्याचा तुकडा फार चांगला. आमिष दोऱ्यानं पट्टीला बांधा, म्हणजे उंदराला ते ओढावं लागेल.

आता बांधणीचं बघू. पुष्कळांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते. शेपटीत किंवा पायात अडकलेला उंदीर सापळा ओढत बिळात नेतो. रात्री कुत्रं, कोल्हा किंवा मांजर उंदीर पाहून सापळ्यासकट उचलतं. सापळा तर जातोच, शिवाय अडकलेलं जनावर तडफडत राहतं आणि एखाद्या दिवशी कापणीला गवतात हात घालणाऱ्या बाईच्या बोटांना तो सापळा लागतो. म्हणून प्रत्येक सापळा खुंटीला बांधलेला हवा.

सुतळी नको, उंदीर ती कुरतडतो. घराच्या स्लॅबला सळया बांधायची तार घ्या, दोन पदरी पिळा. सापळा आणि खुंटी यांच्यात वीतभर तार सोडा, जास्त नाही. लांब तारेत जनावराला धाव घ्यायला जागा मिळते आणि हिसक्यानं खुंटी ढिली होते. तार आमिषाच्या विरुद्ध टोकाला बांधा. पिंजऱ्याला दोन ठिकाणी बांधा, कारण पिंजरा लवंडला की दार उघडतं.

खुंटी हातभर लांब, बाभळीची किंवा बोरीची. ती सरळ ठोकू नका. ओढ ज्या बाजूला बसणार तिच्या उलट दिशेला माथा कलता ठेवून ठोका, जशी आपण तंबूची मेख ठोकतो. मुरमाड जागेत आधी पहारीनं भोक पाडा. काळ्या रानात भेगांजवळ खुंटी धरत नाही; तिथं तुरीच्या किंवा कपाशीच्या बुडाला तार बांधलेली बरी.

चिखलाच्या खाचरात तर उभी खुंटी मुळ्यासारखी उपटून येते. तिथं हातभर काठीच्या मध्यावर तार बांधा आणि काठी आडवी ठेवून वीतभर खोल पुरा. वर माती टाकून पायानं तुडवा. तार तेवढी वर राहू द्या. ही काठी वर यायची तर तिच्यावरची सगळी माती उचलावी लागते. ते उंदराच्या काय, कुत्र्याच्याही आवाक्यात सहसा येत नाही.

सापळ्याखालची जागाही खुरप्यानं सपाट करा. पाऊल टाकताच सापळा डुगडुगला की उंदीर मागे फिरतो. बांधाच्या कडेनं त्याची पायवाट स्पष्ट दिसते. त्या वाटेवर सापळा आडवा ठेवा, आमिषाची बाजू बांधाकडे. जागा नक्की करायची तर संध्याकाळी सगळी बिळं मातीनं लिंपा. सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत बिळं. त्यांच्याजवळच सापळे लावा.

चापाच्या सापळ्यावर दोन विटांच्या आधारानं कौल ठेवा, नाहीतर होले-भारद्वाज अडकतात. सापळा दिवेलागणीला ताणा आणि उजाडताच उतरवा. विषारी आमिष टाकायचं असेल तर त्याच आठवड्यात त्याच बांधावर सापळे लावू नका. विष थोडं खाऊन वाचलेला उंदीर पुढं ते धान्य टाळतो आणि तुमच्या सापळ्यातलं तेच आमिषही टाळतो.

उंदीर उघड्या हातानं कधीही उचलू नका. त्याच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि हातापायाच्या चिरांतून आपल्या अंगात शिरतात. रबरी हातमोजे किंवा जाड प्लॅस्टिकची पिशवी वापरा. मेलेला उंदीर गार पडू लागला की त्याच्या पिसवा दुसरं अंग शोधतात. 1994 साली बीड जिल्ह्यात आणि नंतर सुरतेत प्लेगची साथ आली होती, हे जुन्या माणसांना आठवत असेल. म्हणून उंदीर सापळ्यासकट साबणाच्या पाण्यात बुडवा, मग खोल पुरा. लावणीच्या किंवा पावसाच्या दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं झालं तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि आपण उंदीर हाताळले होते हे डॉक्टरांना सांगा.

आणखी एक. रानडुकरासाठी क्लच वायरचे फास लावू नका. कोकणात अशा फासात बिबटे अडकतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं फास किंवा सापळा लावणं हीसुद्धा शिकारच ठरते. रानडुकरानं पीक खाल्लं तर वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या. उंदराच्या पिंजऱ्यात मुंगूस सापडलं तर पिंजऱ्याच्या मागे उभे राहून लांब काठीनं दार वर करा आणि त्याला जाऊ द्या. धामणीचंही तसंच. ही दोन्ही तुमच्याच बाजूची आहेत.

एकट्याच्या शेतात सापळे लावले तर शेजारच्या बांधावरचे उंदीर पुन्हा येतात. म्हणून वाडीतल्या चार-पाच जणांनी एकच संध्याकाळ ठरवा. प्रत्येक सापळ्यावर रंगानं आकडा घाला, खुंटीला लाल चिंधी बांधा, आणि लावताना जेवढे मोजले तेवढेच सकाळी मोजून उचला.