अर्धा कोयता
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आईबापांच्या परिस्थितीवर मुलांची कमाई ठरते, हे मी समाजकार्य शिकताना पुस्तकात वाचलं होतं. ती ठरते कशी, ते कळलं बीडच्या ऊसतोड बायकांमध्ये बसल्यावर.

हंगामाआधी मुकादम उचल देतो ती माणसाला नाही, कोयत्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. तो ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते. हिशेब टनावर, आणि तो त्याच्या नावावर. एकीला विचारलं, तुझे किती झाले? तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला गाव सुटतं ते मार्च-एप्रिलपर्यंत. मुलाला पुष्कळदा आजीपाशी ठेवतात, त्याची शाळा बुडू नये म्हणून. मुलगी बरोबर जाते, कारण कोपीवर तान्ह्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. सरकारनं २०२१ मध्ये या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, चांगलंच झालं. पण ही वसतिगृहात गेली तर धाकट्याला कोण बघेल, असं एका आईनं मला विचारलं. फडाजवळ पाळणाघर नाही. मी गप्प बसले.

शाळा सुटलेल्या मुलीचं लग्न लवकर उरकतात. तिच्या लग्नासाठी बाप उचल घेतो. नवं जोडपं झालं की त्यांना पूर्ण कोयत्याची उचल मिळते. हंगामात ती फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. म्हणजे मुलगी कामाला लागते तीच कर्ज घेऊन, आणि त्यातला रुपयाही तिनं मोजलेला नसतो.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये खूप लिहिलं गेलं, सरकारनं समितीही नेमली. ते व्हायलाच हवं होतं. मात्र मुकादमाच्या वहीकडे आपणही फारसं पाहिलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. तीही वाढ कोयत्याच्याच खात्यात.

म्हणून आम्ही वहीत दोन नावं आणि तिची निम्मी रक्कम तिच्या हाती, एवढीच मागणी धरली. पहिल्या गावात मुकादम हसला. दुसऱ्या गावात त्यानं लिहिलं खरं, नवऱ्याच्या नावापुढे, ‘व बायको’.